केवडा, काणी, हळद्या : पुण्यातील वनस्पती रोगशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासाची वाटचाल

पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचा उगम आपण १८७९ सालापासून मोजतो. आज सीओईपी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत त्या साली शेतकीचे वर्ग निघाले. पुढे १९०७ मध्ये डॉ. हॅरॉल्ड मान प्राचार्य म्हणून आले आणि शेतकी कॉलेजाला स्वतःचे घर, स्वतःची शेते आणि स्वतःची ऐट मिळाली. पिकांचे रोग हा विषय तेव्हा वनस्पतिशास्त्राच्या पोटात होता. त्याला वेगळे ताट मांडावे लागले ते बागाईतदारांच्या तक्रारींमुळे. १९१० च्या सुमारास पुणे आणि नाशिक भागातल्या द्राक्षांवर केवडा आला, पाठोपाठ भुरी होतीच. सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बर्न्स यांनी नाशिकच्या बागांत बोर्डो मिश्रणाचे प्रयोग केले. मोरचूद आणि चुना यांचे हे मिश्रण आज आपल्याकडच्या कुठल्याही द्राक्ष बागाईतदाराला झोपेत विचारले तरी सांगता येईल. त्या काळी मात्र पानावर निळसर डाग पाडणारे हे पाणी पाहून अनेकांनी नाके मुरडली असतील.

देशपातळीवर याच सुमारास मोठी घडामोड चालू होती. १९०५ मध्ये बिहारात पुसा येथे इंपिरियल संशोधन संस्था उभी राहिली. तेथील इंपिरियल मायकॉलॉजिस्ट एडविन बटलर यांनी हिंदुस्थानातल्या पीकरोगांच्या अभ्यासाची घडी बसवली. त्यांचा ‘फंगाय अँड डिसीज इन प्लँट्स’ हा ग्रंथ १९१८ मध्ये आला आणि पुढची तीस वर्षे तरी या विषयाच्या विद्यार्थ्याला त्यावाचून गत्यंतर नव्हते. प्रांतोप्रांतीचे शेतकी खाते पुसाकडे पाहून चालायचे. पुणे त्याला अपवाद नव्हते. तरी पुण्याने लवकरच आपले म्हणणे मांडायला सुरुवात केली, आणि ते मांडणारे पहिले ठळक नाव जी. एस. कुलकर्णी यांचे.

कुलकर्णींचे काम आज फारसे कोणी वाचत नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. ज्वारी आणि बाजरी या दोन्ही पिकांवर केवडा पडतो. पाने पिवळी-पांढरी होतात, त्यांच्या खालच्या अंगाला पांढुरकी लव येते, ज्वारीत तर पाने पुढे चिंध्यांसारखी फाटतात. दोन्ही पिकांवरची बुरशी एकच, असे तेव्हा मानत. ही लव रात्री, पहाटेच्या दवात धरते, त्यामुळे तिचे ताजे बीजाणू पाहायचे तर माणसाला उजाडायच्या आत शेतात असावे लागते. असे ताजे बीजाणू पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की फरक कळतो. बाजरीवरच्या बीजाणूतून पोहणारी सूक्ष्म पिले बाहेर पडतात. ज्वारीवरचा बीजाणू तसे काही करत नाही, तो सरळ अंकुरनलिका काढतो. कुलकर्णींनी १९१३ मध्ये हा भेद नोंदवून ज्वारीवरच्या बुरशीला निराळा प्रकार ठरवले. त्यावर शिक्कामोर्तब व्हायला एकोणीस वर्षे गेली. १९३२ मध्ये हार्वर्डचे वेस्टन आणि पुण्याचे बी. एन. उप्पल यांनी मिळून ती स्वतंत्र जाती असल्याचे सिद्ध केले. आजही या बुरशीचे जातिवाचक नाव ‘सॉर्घी’ हेच आहे.

काणीवर कुलकर्णींनी केलेले काम अधिक व्यवहारी होते. दाणे काणी, मोकळी काणी, लांब काणी, झिपरी काणी या ज्वारीच्या चार काण्या शेतकऱ्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक होत्या. पण त्यांतल्या कोणत्या बियाण्याबरोबर येतात आणि कोणत्या जमिनीतून किंवा वाऱ्यातून, हे ठरल्याशिवाय उपाय सांगणे म्हणजे अंधारात तीर मारणे. मुंबई इलाख्यातील ज्वारीच्या काण्यांवरचे त्यांचे पुस्तक १९१८ मध्ये पुसाने प्रसिद्ध केले. दाणे काणी बियाण्यावर चिकटून येते, म्हणून बियाणे मोरचुदाच्या पाण्यात बुडवून काढा, पुढे सोपे म्हणून गंधकाची भुकटी चोळा, हा सल्ला गावोगाव गेला. किलोभर बियाण्याला चार ग्रॅम गंधक ही शिफारस आमच्या पिढीने विद्यार्थिदशेत पाठ केली. तिची मुळे त्या काळात आहेत. पीक संरक्षणाच्या इतक्या स्वस्त उपायाचे महाराष्ट्रात दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही.

पदव्युत्तर शिक्षण म्हणजे त्या वेळी मुंबई विद्यापीठाची एम.एजी. आणि पुढे एम.एस्सी. (कृषी). व्याख्याने थोडी, मुख्य भर प्रबंधावर. विद्यार्थी एका रोगाला बांधलेला असे आणि तो रोग बहुधा खात्याकडे आलेल्या तक्रारीतून निघालेला असे. कुणी सुकलेली कपाशी घेऊन आला, कुणी डिंक ओघळणारी संत्र्याची फांदी, की त्यातून कुणाचा तरी विषय ठरायचा. माझ्या मते या विभागाचे मर्म इथेच आहे. अभ्यासक्रम कागदावर छापून नंतर रोग शोधायला जाण्याची पाळी इथे फारशी आली नाही. तक्रार आधी यायची, विषय मागून ठरायचा.

उप्पल आणि एम. के. पटेल हे दोघे अमेरिकेत आयोवात शिकून आले. पटेलांनी तिथे गाठीरोगाच्या जीवाणूवर काम केले होते आणि तो जीवाणू वेगळा काढण्याची त्यांची १९२६ ची पद्धत परदेशी प्रयोगशाळांतही वापरली गेली. उप्पल पुण्यात सरकारी वनस्पती रोगशास्त्रज्ञ झाले. पटेल आणि एम. एन. कामत त्यांच्या बरोबरीने उभे राहिले. या तिघांनी १९३५ मध्ये मुंबई प्रांतातील बुरशींची यादी प्रसिद्ध केली. हापूसचा मोहोर जाळणाऱ्या भुरीवरचा त्यांचा लेख १९४१ चा. कपाशीच्या मर रोगावर तर इथे वर्षानुवर्षे काम चालले आणि रोगाला दाद न देणारे वाण निवडण्याच्या कामी रोगशास्त्रज्ञ आणि पैदासकार एकाच वाफ्यात उभे राहिले. खानदेशात पसरलेला जरीला कापूस हा त्याच काळातला. जळगावच्या केळीवर १९४३ मध्ये दिसलेला, पाने पट्टेरी करून पोंगा कुजवणारा रोग कामत आणि पटेल यांनी १९५१ मध्ये नोंदवला. केळीवाले त्याला हरण्या म्हणतात. आजही त्याची भीती गेलेली नाही.

भेंडीच्या हळद्याची हकिगत मात्र थांबून सांगण्याजोगी आहे, कारण या विभागाच्या कामाची चाल तीत जशी दिसते तशी दुसऱ्या कशात दिसत नाही.

१९२४ मध्ये कुलकर्णींनी पुणे शेतकी कॉलेजाच्या मासिकात मुंबई इलाख्यातील मोझॅक रोगांवर एक छोटा लेख लिहिला. आठ-दहा पानांच्या आतला, कॉलेजच्या मासिकातला लेख. त्यात भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याची नोंद होती. हिंदुस्थानात भेंडीवरच्या या रोगाची ती पहिली नोंद म्हणून जगभरच्या लेखांत आजही तिचा उल्लेख होतो. त्या लेखाने रोग सांगितला, कारण सांगितले नाही. सांगता येण्यासारखे तेव्हा नव्हतेच. विषाणू ही गोष्ट तेव्हा बारीक गाळणीतूनही निसटणारा ‘काहीतरी संसर्ग’ एवढीच माहीत होती.

मधे सोळा वर्षे गेली. १९४० मध्ये उप्पल, पी. एम. वर्मा आणि एस. पी. कपूर यांनी हा रोग विषाणूचाच असल्याचे दाखवले आणि त्याला पिवळ्या मोझॅकचे नाव दिले. आता पुढचा प्रश्न : तो पसरतो कसा? रोगट पानाचा रस काढून निरोगी पानावर चोळला तर काही होत नाही. कलम बांधले तर रोग जातो. म्हणजे मधे कुणी वाहक असणार. या प्रयोगांतली मेहनत बाहेरच्याला कळायची नाही. पांढरी माशी मिलिमीटरभराची. तिला पकडायचे ते काचेच्या नळीच्या टोकाला कापड लावून, दुसऱ्या टोकाने हळूच श्वास ओढून. मग रोगट पानावर सोडायची, काही काळ चरू द्यायची, परत तशीच ओढून निरोगी रोपाच्या पिंजऱ्यात सोडायची. पिंजऱ्याला कुठे फट राहिली तर सगळी मेहनत पाण्यात. रोगट पान न चाखलेल्या माश्यांची तुलनेची रोपे वेगळी ठेवायची. तीही पिवळी पडली तर पुन्हा पहिल्यापासून. १९५० मध्ये कपूर आणि वर्मा यांनी पांढरी माशीच हा रोग नेते हे सिद्ध केले आणि वर्मांनी पुढची काही वर्षे विषाणू आणि माशी यांच्या नात्यावर घालवली. १९२४ ची नोंद आणि १९५० चा पुरावा, या दोहोंत सव्वीस वर्षे.

विषाणूंवरचे हे काम दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या पुण्यातील केंद्रात वाढले. हे केंद्र आजही कृषी महाविद्यालयाच्या आवारात, शिवाजीनगरला आहे. पपईच्या मोझॅकची कपूर-वर्मांची १९४८ ची नोंदही इथलीच. महाविद्यालयाचे विद्यार्थी आणि केंद्रातले संशोधक एकाच आवारात वावरत, त्यामुळे कोण कोणत्या संस्थेचा हे चहाच्या टपरीवर तरी कुणी विचारत नसे.

हळद्याने किती नुकसान होते ते १९७४ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी मोजले. उगवणीनंतर पस्तीस दिवसांच्या आत लागण झाली तर उत्पन्नात ९४ टक्के घट, पन्नास दिवसांनी झाली तर ८४, पासष्ट दिवसांनी ४९. म्हणजे माशीला पहिले दोन महिने अडवता आले तर निम्मे गेले तरी निम्मे हाती लागेल. पण खरा दिलासा फवारणीतून आला नाही. परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर यांनी भेंडीचा तिच्या रानटी भावकीतल्या जातीशी संकर करून ‘परभणी क्रांती’ हा वाण दिला, तो १९८० च्या दशकात. पुण्याच्या मासिकातल्या त्या चार ओळींपासून परभणीच्या वाणापर्यंत साठ वर्षे झाली. यात एकही माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत नव्हता. एकाने पाहिले, दुसऱ्याने कारण शोधले, तिसऱ्याने वाहक पकडला, चौथ्याने वाण दिला. त्यातल्या कोणाच्याही प्रबंधाचा निष्कर्ष ‘रोग आटोक्यात आला’ असा नव्हता.

जीवाणूंचे दालन पटेलांचे. भारतात पिकांच्या जीवाणूरोगांचा अभ्यास मार्गी लावण्याचे श्रेय सर्वत्र त्यांनाच दिले जाते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या काही वर्षांत पटेल आणि त्यांचे विद्यार्थी-सहकारी मोनिझ, वाय. एस. कुलकर्णी, भट, धांडे यांनी झँथोमोनस कुळातल्या नव्या जातींची रांगच लावली. आंबा, तूर, चिंच, मेंदी, पांगारा, शेवरी. आसपासच्या कुठल्या झाडाच्या पानावर तेलकट, कोनाकोनाचा डाग दिसला की तो प्रयोगशाळेत आलाच. १९४८ मध्ये ‘इंडियन फायटोपॅथॉलॉजी’ हे नियतकालिक निघाले. त्याच्या पहिल्याच खंडात पटेलांनी एका नव्या जीवाणूला उप्पलांचे नाव दिले, झँथोमोनस उप्पली. त्याला लागूनच व्ही. पी. भिडे यांचा मर घडवणाऱ्या जीवाणूंवरचा लेख आहे. नव्या नियतकालिकात पुण्याने अशी शेजारी शेजारी जागा धरली.

या कामाची रीत प्रयोगशाळेत जुन्या झालेल्या कुणालाही हातखंडा असते, पण वाचकांसाठी सांगतो. डागाच्या कडेचा असा तुकडा कापायचा की ज्यात थोडा भाग रोगट आणि थोडा निरोगी येईल. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात तो ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर कापलेल्या कडेतून दुधाळ धार बाहेर पडताना दिसते. लाखो जीवाणू एकदम बाहेर येत असतात. बुरशीच्या डागातून अशी धार येत नाही, त्यामुळे पहिला निवाडा तिथेच होतो. मग तुकडा मर्क्युरिक क्लोराइडच्या हजारात एक द्रावणात क्षणभर बुडवायचा, निर्जंतुक पाण्यात तीनदा धुवायचा, ठेचून त्याचा रस अगरवर रेषा ओढून पसरायचा. झँथोमोनसच्या वसाहती दोन-तीन दिवसांत पिवळ्या, चकचकीत, बुळबुळीत उठतात. शुद्ध वाढ निरोगी झाडावर फवारून, काचेच्या घंटेखाली दमट ठेवून, तोच डाग परत उमटवायचा आणि त्या डागातून तोच जीवाणू परत काढायचा. इतके झाले की मगच नाव द्यायचे. परीक्षक नेमके हेच विचारायचे : ‘परत काढलात का?’ काढला नसेल तर बाकीच्या शंभर पानांना किंमत नाही.

पुढे या जातींचे काय झाले, ते सांगायला हवे. १९८० मध्ये जीवाणूंच्या नावांची नवी अधिकृत यादी झाली आणि पटेलांच्या बहुतेक जाती स्वतंत्र जाती म्हणून उरल्या नाहीत. एका मोठ्या जातीचे रोगप्रकार म्हणून त्या नोंदल्या गेल्या. दिसण्यात आणि रासायनिक परीक्षांत त्यांच्यात फरक नाही, फरक फक्त कोणत्या झाडाला लागतात एवढाच, असा आक्षेप होता. काहींना त्यात पुण्याच्या कामाची नाचक्की दिसली. मला तसे वाटत नाही. कोणता जीवाणू कोणत्या झाडाला लागतो, हीच गोष्ट शेतकऱ्याच्या कामाची आणि ती पटेलांच्या गटाने एकेका झाडावर सिद्ध करून ठेवली होती. म्हणूनच रोगप्रकारांच्या नव्या यादीतही उप्पली, कॅजानी, मँजिफेरीइंडिसी ही नावे जशीच्या तशी टिकली. आंब्यावरच्या जीवाणूचा भारतातून गेलेला वाण इंग्लंडमधल्या वनस्पती-जीवाणूंच्या राष्ट्रीय संग्रहात ४९० क्रमांकाने ठेवलेला आहे. पुढे डीएनएच्या आधारे नव्याने वर्गवारी झाली, तेव्हाही तुलनेसाठी तोच घेतला गेला.

कामतांचे श्रेय वेगळ्या जातीचे आहे. त्यांनी शिकवले. ‘प्रॅक्टिकल प्लँट पॅथॉलॉजी’ हे त्यांचे १९५३ चे पुण्यात छापलेले पुस्तक प्रयोगशाळेच्या टेबलावर असे, कपाटात नव्हे. त्याच्या पानांवर अगरचे डाग पडलेले असत. इथून निवृत्त झाल्यावर कामत, आणि भिडेही, महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत रमले. डॉ. आघारकरांनी १९४६ मध्ये उभी केलेली ही संस्था पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. तिथला बुरशीसंग्रह एस. एल. आजरेकर यांच्या नावाचा आहे, ज्यांनी १९२६ मध्ये ज्वारीच्या चिकट्यावर लिहिले होते. १९३५ ची मुंबई प्रांताची यादी १९७१ मध्ये ‘फंगाय ऑफ महाराष्ट्र’ झाली आणि १९८७ मध्ये पुन्हा वाढली. तिन्ही याद्यांत या विभागाची माणसे आहेत.

पुण्याला आणखी एक शेजारी लाभला. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स सुरू झाली. तिथे एम. जे. तिरुमलाचार या मुळातल्या बुरशीतज्ज्ञाने माणसांच्या औषधांबरोबर पिकांच्या औषधांचाही माग काढला. बुरशीवरचे ऑरिओफंजिन १९६४ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेतून आले. स्ट्रेप्टोमायसिन नव्वद टक्के आणि टेट्रासायक्लिन दहा टक्के असलेले स्ट्रेप्टोसायक्लिन लिंबाच्या खैऱ्यापासून कपाशीच्या करप्यापर्यंत सगळ्यांवर सुचवले जाऊ लागले. शिवाजीनगरला जीवाणू ओळखायचा आणि पिंपरीहून त्याचे औषध आणायचे, अशी सोय दुसऱ्या कोणत्या विभागाला होती?

गव्हाचा तांबेरा पुण्याच्या उन्हाळ्यात टिकत नाही, म्हणून महाबळेश्वरच्या थंडीत गहू गेरवा केंद्र उभे राहिले आणि निफाडकरांनी केनियाच्या गव्हाशी संकर करून केनफाडचे वाण काढले. ही कथा निफाडकरांनी सांगावी, त्यांचा हक्क आहे.

१९६८ मध्ये राज्यात कृषी विद्यापीठ झाले आणि राहुरीहून कारभार सुरू झाला. १९६९ मध्ये अकोला, १९७२ मध्ये परभणी आणि दापोली वेगळी झाली. पुण्याचा विभाग पुणे विद्यापीठातून राहुरीच्या छत्राखाली आला. पीएच.डी.चे केंद्र बहुतांशी राहुरीला गेले, पुण्यात एम.एस्सी. राहिली. धुळे आणि कोल्हापूरच्या महाविद्यालयांनीही आपापला भार उचलला. अभ्यासक्रम क्रेडिटचा झाला. बुरशीशास्त्र, जीवाणुशास्त्र, विषाणुशास्त्र, रोगप्रसारशास्त्र, संख्याशास्त्र सगळे विषय नीट शिकवले जाऊ लागले, हा मोठा लाभ. पूर्वीच्या प्रबंधवाल्यांना संख्याशास्त्रात चाचपडताना आम्ही पाहिले आहे. पण दोन वर्षांतले एक वर्ष वर्गांत गेले, उरलेल्या वर्षात एकच खरीप किंवा एकच रब्बी मिळतो. त्यात पाऊस आला नाही तर रोगही येत नाही आणि विद्यार्थी कुंडीतल्या रोपांवर निभावून नेतो. एका प्रबंधाचे सूत्र पुढच्या विद्यार्थ्याच्या हाती देण्याची चाल त्यामुळे ढिली पडली. मार्गदर्शकाने तेच पीक, तोच रोग सलग पाच-सहा विद्यार्थ्यांकडून करून घेतला, तिथे आजही काम दिसते. दरवर्षी नवा विषय घेतला, तिथे ग्रंथालयाचे शेल्फ भरते.

संकरित बियाण्यांनी नवे धडे शिकवले. एचबी-१ ही संकरित बाजरी १९६५ मध्ये आली, पाठोपाठ एचबी-३. एकाच मादीवर सगळी संकरित बाजरी उभी राहिली आणि १९७१ मध्ये केवड्याने ती झोडपली. १९१३ चा कुलकर्णींचा लेख तेव्हा पुन्हा उघडला गेला.

गेल्या वीस वर्षांतला इथला विद्यार्थी डाळिंबाच्या तेल्याशिवाय बाहेर पडत नाही. हा रोग १९५२ मध्ये दिल्लीजवळ नोंदला गेला तेव्हा तो किरकोळ होता. नाशिक, सोलापूर, सांगलीचे माळरान डाळिंबाखाली आले आणि तो महामारी झाला. २००५ मध्ये सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र निघाले. निदान आता पीसीआरवर काही तासांत होते, दुधाळ धार पाहण्याची सवय मात्र आम्ही विद्यार्थ्यांना अजून लावतो. उपायाच्या बाजूला मोठा बदल झाला. स्ट्रेप्टोसायक्लिनचा शेतीतला वापर केंद्र सरकारने २०२४ पासून बंद केला, माणसांच्या औषधांना दाद न देणारे जीवाणू वाढतील म्हणून. पिंपरीची ती पुडी शिफारशींच्या पत्रकातून गेली. सध्याचे प्रबंध हस्त बहार धरून पावसाळी लागण टाळण्यावर, रोगट फांद्यांची छाटणी कधी व कितपत करावी यावर आणि पानांवर वस्ती करणाऱ्या निरुपद्रवी जीवाणूंकडून तेल्याला हुसकावता येते का यावर चालू आहेत. त्यांपैकी दोन विषय मागच्या विद्यार्थ्यांच्या अर्धवट राहिलेल्या नोंदवह्यांवरून पुढे घेतलेले आहेत.